दोनशे चौदा नावं आणि मो ताई

मो ताईंच्या दुकानाच्या काचेवर त्यांच्याच हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला आहे: "आधी दाखवा, मग रडा." भाताचा कुकर तापेना, शिलाई मशीन अडलं, नातवाचा लॅपटॉप उघडेना, की आमच्या सामगोक गावची माणसं तिथंच जातात. एका बाजूला मासळीवाली, दुसऱ्या बाजूला बियाणांचं दुकान आणि मधे ही चिंचोळी खोली. दोन गिऱ्हाइकं आत असली की तिसऱ्यानं मासळीकडे उभं राहायचं.

ताई आता अठ्ठावन्नच्या आहेत. सतराव्या वर्षी डोंगरातलं गाव सोडून त्या देगू शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात गेल्या. तिथला मशीनवाला दुपारच्या जेवणानंतर पिऊन आडवा व्हायचा. मशीन बंद पडलं की बाईचं काम मागे पडायचं आणि मुकादम सगळ्या रांगेसमोर तिचा उद्धार करायचा. एकदा ताईंची पाळी आली. त्यांनी झोपलेल्या मशीनवाल्याच्या कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि स्वतःच मशीन उघडलं. त्या दिवशी ते जुळलं नाही, दुसऱ्या दिवशी जुळलं. पुढे भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीनं आली, सोबत जाडजूड जपानी पुस्तक. ताईंना त्यातलं अक्षर येत नव्हतं. चित्रं बघायची, मुद्दाम चूक करायची, मशीन काय बोंबलतं ते वहीत उतरवायचं, असं करत त्या शिकल्या. कारखाना बंद झाल्यावर नवऱ्याला घेऊन इकडे परत आल्या. नवरा मधमाश्या पाळतो आणि दिवसाला दहा शब्द बोलतो. बाकीचे ताई बोलतात.

मी ओक ची-हून, इथल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात कारकून. आज्या मला "ओक मास्तर" म्हणतात, कारण त्यांना मोबाइल मीच शिकवतो. आमच्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम आहे. त्याचं नाव "खुशाली". कॉम्प्युटर सुरू झाला की तो आपोआप उठतो आणि सकाळी आठ वाजता एकटं राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला फोन लावतो. आवाज माझाच भरलेला आहे: "नमस्कार, रात्री नीट झोप लागली का? न्याहारी केलीत का? बरं असेल तर एक दाबा." दोनदा फोन लावूनही कुणी एक दाबला नाही, तर मी स्कूटर काढतो आणि त्या घरी जाऊन बघतो.

गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी खुशाली उठलीच नाही. पडद्यावर खिडकी यायची, डोळा मिटायच्या आत नाहीशी व्हायची आणि मागे एकच ओळ राहायची: "तारीख चुकीची आहे. प्रोग्राम बंद करत आहे."

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटरची तारीख बघितली, ती बरोबर होती. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. शेवटी आमच्या कार्यवाह प्यॉन बाई आणि मी फोन घेऊन बसलो आणि एकेक नंबर फिरवू लागलो. दोनशे चौदा माणसं. मशीनला एका माणसाला अर्धं मिनिट लागतं. आम्हाला तसं कसं जमणार?

"आजोबा, बरं आहे ना?"

"बरं कसलं, गुडघा बघ. पण तू आज मधेमधे का बोलतोयस? रोज माझं ऐकून घेतोस की."

हा आजोबा गेलं वर्षभर मशीनशी गुडघ्याविषयी बोलत होता. दुपारी दीड वाजला तेव्हा आमची यादी निम्मीसुद्धा झाली नव्हती आणि प्यॉन बाईंचा घसा बसला होता. बुधवारीही तेच. जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं फोनवर सल्ला दिला, "सगळं पुसून नव्यानं टाका." प्यॉन बाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आधी तुझं दुकान पूस. मास्तर, मो ताईंकडे जा."

गुरुवारी दुपारी ताई आल्या. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात पर्सिमनच्या पिकलेल्या फळांची पिशवी. खुर्चीत बसून त्यांनी ती एक ओळ तीनदा वाचली.

"सोमवारपर्यंत चालत होतं ना?"

"हो."

"मग मधे काय बदललं?"

"काही नाही, ताई."

"या 'काही नाही'वरच माझं घर चालतं." त्यांनी पर्सिमनचा देठ काढला. "नीट आठव. सोमवारी या कॉम्प्युटरवर तू काय काय केलंस? जेवलास ते सांगू नकोस."

मग मला आठवलं. सोमवारी संध्याकाळी मी शेजारच्या तीन गावांच्या याद्या आमच्या यादीत मिसळल्या होत्या. कागदावरचे अर्ज टाइप करून, जुनी यादी काढून नवी बसवली होती.

"हे काही नाही?" ताई म्हणाल्या. "लग्न झालं, घर बदललं, पण तसं काही नाही!"

"पण ताई, यादीचा आणि तारखेचा काय संबंध? हा फोन लावतो नुसता."

"जन्मतारखा आहेत ना यादीत? त्याला त्या कशाला लागतात?"

प्यॉन बाईंनी खुणेनं सांगितलं: ऐंशीच्या वरच्यांना आधी फोन. म्हणजे खुशाली उठल्या उठल्या सगळ्यांची वयं मोजते आणि मगच पहिला नंबर फिरवते. त्या मोजण्यातच कुठेतरी तिचा पाय अडकत होता. पण कुणाच्या तारखेत अडकला, हे तिला सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, "मी यादी दोनदा वाचली, ताई. तेरावा महिना, शून्य तारीख, असं काही दिसलं नाही."

"स्वतःच्या हातानं टाइप केलेलं स्वतःला दिसत नाही. शिवणीतही तसंच असतं. चल, आधी यादीची प्रत काढ. मूळ यादीला हात लावायचा नाही."

मग त्यांनी जे केलं ते मी अजून इतरांना शिकवतो. प्रतीतली यादी त्यांनी मधोमध तोडली. वरची एकशे सात नावं ठेवली, खालची बाजूला काढली आणि खुशाली सुरू केली. ती पडली नाही! खिडकी उघडी राहिली, हिरवा दिवा लागला, आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे घाण खालच्या अर्ध्यात होती.

टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षात आलं नाही की हिरवा दिवा म्हणजे फोन सुरू झाले. तीन दिवस राहिलेले सकाळचे आठ खुशालीनं दुपारी दोनला भरून काढायला घेतले होते. तीन मिनिटांत केंद्राचा फोन वाजू लागला.

"ओक मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? झोप लागली का विचारतोस, आत्ताच तर डोळा लागला होता!"

"मास्तर, न्याहारी केली का विचारलंस. जेवणाचं विचार ना, आज कोळंब्या होत्या."

तिसऱ्या फोनवर एक आजी रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना वाटलं, आपणच दिवसभर झोपून राहिलो आणि आता दुसरी सकाळ झाली. त्यांना दुपारच आहे हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. तोवर ताईंनी टेबलाखाली शिरून कॉम्प्युटरला जोडलेली फोनची वायर उपटली आणि त्या तिथूनच हसत होत्या. बाहेर आल्या तेव्हा केसांत धूळ होती.

"ही चूक माझी. आधी वायर काढायला हवी होती. लिहून ठेव वहीत, मोनं मोठी चूक केली."

वायर काढल्यावर काम भराभर झालं. खालच्या एकशे सातांचे पुन्हा दोन भाग. एक चालला, एक पडला. पडलेल्याचे पुन्हा दोन. सत्तावीस, चौदा, सात, चार, दोन. प्रत्येक वेळी ताई "पडली!" असं ओरडायच्या आणि आनंदानं पर्सिमनचा घास घ्यायच्या. प्रोग्राम पडल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासात एकच नाव उरलं.

गी बुन-नाम. दोलमारू गाव. स्त्री. जन्म: दुसरा महिना, तारीख तीस.

मी तिच्याकडे बघत राहिलो. तीस हा आकडा किती साधा! मी ती ओळ दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा ती मला धडधाकट वाटली होती. पण दुसरा महिना म्हणजे फेब्रुवारी, आणि फेब्रुवारीला तीस तारीख नसते.

"माझीच चूक," मी म्हटलं. "वीसचं तीस झालं असणार. किंवा तिसऱ्याचा दुसरा. एक मार्च टाकू का? काम भागेल."

"तुला माहीत आहे, एक मार्च आहे म्हणून?"

"नाही, पण..."

"मग कसं टाकशील? आपण तारीख शोधली, बाई नाही शोधली. चल, विचारून येऊ."

ताईंच्या ट्रकमधून आम्ही दोलमारूला गेलो. मागे मधाच्या रिकाम्या पेट्या धडधडत होत्या. बुन-नाम आजी ओटीवर बसून शिंपल्यांची वाटी पुढे घेऊन एकेक शिंपला चमच्यानं फोडत होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलास? नाव लिहून घेतलंस, सोमवारी म्हणालास उद्यापासून रोज फोन येईल. आज गुरुवार. तीन सकाळी मी फोन मांडीवर घेऊन बसले."

 मंगळवारपासून आम्ही हातानं फोन करत होतो, पण यादीच्या शेवटापर्यंत पोचलोच नव्हतो. आजी यादीच्या शेवटी होत्या.

"चुकलो, आजी," मी म्हटलं. "तुमची जन्मतारीख मी चुकीची लिहिली, त्यामुळे मशीन बंद पडलं. खरी कोणती?"

"तू काय लिहिलीस?"

"दुसऱ्या महिन्याची तीस."

"मग बरोबर लिहिलीस."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून ओळखपत्र काढून ताईंच्या हातात दिलं. ताईंनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं, मग मला दाखवलं. सरकारी शिक्क्याच्या कार्डावर तीच तारीख होती.

आजींनी हकीकत सांगितली. आमच्याकडे महिन्यांना नुसते आकडे असतात, पहिला, दुसरा, तिसरा. चंद्राचे महिनेही तसेच आणि सरकारी महिनेही तसेच. आजी चंद्राच्या दुसऱ्या महिन्यात अगदी शेवटच्या दिवशी जन्मल्या. तिसावा दिवस, अवसेची रात्र. बापाला मुलगा हवा होता. मुलीचं नाव ठेवतानासुद्धा त्यानं तो राग लपवला नाही: बुन म्हणजे राग, नाम म्हणजे मुलगा. पण पुढच्या हिवाळ्यात नाव नोंदवायला तो बर्फातून दोन डोंगर ओलांडून कचेरीत गेला. जी तारीख घरात सगळे म्हणायचे तीच त्यानं सांगितली आणि कारकुनानं तीच उतरवून घेतली.

"तेव्हापासून ही कटकट," आजी म्हणाल्या. "एका दवाखान्यात मी अठ्ठावीसची, दुसऱ्यात एक मार्चची. बँकेतली पोरगी म्हणाली, आजी, अशी तारीखच नसते. मी म्हटलं, मग तुझ्यासमोर बसलंय कोण?"

ताई इतक्या जोरात हसल्या की आजींची मांजर ओटीवरून उतरली.

मी हळूच म्हटलं, "आजी, आमच्या कामापुरती एक मार्च लिहू? कार्डाला हात लागणार नाही. फक्त फोनसाठी."

आजींनी चमचा वाटीत ठेवला. "माझ्या बापानं माझ्यासाठी आयुष्यात एकच काम केलं, मास्तर. ती तारीख लिहवली. तुमच्या यादीत मी मावत नसेन तर नाव काढून टाका. तारीख नाही हलवायची."

 ताई एक शिंपला उचलून फोडू लागल्या. दोन-तीन फोडून झाल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे आजींचं. आणि मास्तर, भावना सोड, कामाचंही बघ. उद्या आजी पडल्या, रुग्णवाहिका आली, कार्डावर एक तारीख आणि तुझ्या यादीत दुसरी, तर दवाखान्यात म्हणतील ही बाई वेगळी. खरी तारीख सोसत नसेल तर दोष तारखेचा नाही. हा प्रोग्राम लिहिला कुणी?"

लिहिला होता दो हाक-सू नावाच्या गृहस्थांनी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, लांबच्या शहरात राहतात. आमच्यासारख्या लहान केंद्रांना हा प्रोग्राम त्यांनी आपणहून करून दिला होता. ताईंनी तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन ओटीवर ठेवला.

"तीस फेब्रुवारी?" दो सरांचा आवाज शिकवणीतला. "बाई, ती टायपिंगची चूक आहे. फेब्रुवारी जास्तीत जास्त एकोणतीसचा. माझा प्रोग्राम बरोबर थांबला."

"थांबला नाही, सर, मेला," ताई म्हणाल्या. "आणि दोनशे चौदा माणसांचे फोन घेऊन मेला."

"चुकीची तारीख आल्यावर त्यानं काय करायला हवं होतं?"

तेवढ्यात आजी फोनवर वाकल्या. "ऐका हो. चुकीची तारीख बोलतेय."

पलीकडून दो सरांनी घाईनं विचारलं,

"कोण बोलतंय?"

"दुसऱ्या महिन्याची तीस. तुम्ही म्हणता ती नसते. माझी आई म्हणायची, त्या रात्री एवढा काळोख होता की सुईणीला दार सापडेना. तुमची आई तुमचा वाढदिवस कुठल्या महिन्यानं करायची, चंद्राच्या की सरकारच्या?"

 मग दो सर एकदम हसायला लागले. "चंद्राच्या, आजी. दरवर्षी चंद्राच्या. बायको अजून तोच धरते. पस्तीस वर्षं मुलांना शिकवत होतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा."

"मग आता वाचा," आजी म्हणाल्या. "आणि जेवलात का?"

पुढचं कामाचं बोलणं ताईंनी केलं. वय मोजायला साल पुरतं, हे दो सरांनी लगेच मान्य केलं. कॅलेंडरात न बसणारी तारीख आली तर ती जशी लिहिली तशीच ठेवायची, वय सालावरून धरायचं आणि पुढच्या नावाकडे जायचं, असं ठरलं.

"अजून एक, सर," ताई म्हणाल्या. "पुन्हा कधी मरायची वेळ आलीच, तर कुणापायी मरतोय ते नाव सांगून मर, असं त्याला शिकवा. एवढी यादी तोडता तोडता माझे चार पर्सिमन संपले."

"नाव आणि ओळ, दोन्ही सांगेल. सोमवारपर्यंत वेळ द्या मला."

संध्याकाळी केंद्रात परत येऊन ताईंनी मूळ यादीची आणखी एक प्रत काढली, त्यातून फक्त आजींचं नाव बाजूला ठेवलं आणि दोनशे तेरा नावांवर खुशाली चालू केली. वेळ सकाळी आठचीच आहे ना, हे आम्ही तिघांनी तीनदा तपासलं आणि मगच वायर जोडली. शुक्रवारी सकाळी फोन गेले. प्यॉन बाईंनी मधाचं गरम पाणी पीत ते ऐकले.

आजींचा फोन सोमवारपर्यंत ताईंनी स्वतः केला. दुकान उघडायच्या आधी, आठच्या ठोक्याला. "एक दाबा," असं ताई म्हणायच्या आणि आजी खरोखर दाबायच्या. ताईंच्या कानात किर्र व्हायचं आणि दोघी खिदळायच्या. हे मला ताईंच्या नवऱ्यानं सांगितलं, म्हणजे त्याचे त्या दिवसाचे दहाच्या दहा शब्द त्यात गेले असणार.

सोमवारी नवा प्रोग्राम आला. ताईंनी आधी तो वायर काढून चालवला. दोनशे चौदा नावं मोजून झाली, हिरवा दिवा लागला आणि खाली एक नवी ओळ उमटली: "गी बुन-नाम, ओळ २०९: तारीख कॅलेंडरात नाही, लिहिल्याप्रमाणे ठेवली आहे." ती ओळ प्यॉन बाईंनी छापून भिंतीवर लावली. नंतर आठवड्याभरात दो सरांचा फोन आला. त्यांनी प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्या केंद्रांना पत्र टाकलं होतं. अशाच तारखेचे आणखी नऊ जण निघाले. कुठल्या ना कुठल्या कारकुनानं त्यांना गुपचूप एक मार्चचं करून टाकलं होतं, म्हणून तिथं काही पडलं नव्हतं. आता ते नऊही आपापल्या खऱ्या तारखेला परत गेले.

वसंतात चंद्राचा दुसरा महिना आला, आणि यंदा तो पुरता तीस दिवसांचा होता. तसा तो दरवर्षी नसतो. एखाद्या वर्षी एकोणतीसवर संपतो, मग आजींचा मुलगा वाढदिवस एकोणतीसलाच उरकून घेतो. तिसाव्या दिवशी सकाळी आजींनी आम्हाला वाढदिवसाच्या समुद्रशेवाळाच्या सुपाला बोलावलं. ओटीसमोरच्या आवारात जर्दाळूचा मोहर गळत होता. मुलगा शहरातून केक घेऊन आला होता. दो सर बायकोसह तीन बस बदलून आले होते. उंच, किडकिडीत, हातात आजींसाठी लोकरी मोजे. आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला म्हणाल्या, "याला भात दुप्पट वाढ. हिशेब करून करून वाळलाय."

ताई उशिरा आल्या, हाताला शिलाई मशीनचं तेल. बसायच्या आतच आजींनी रिमोट त्यांच्या हातात ठेवला. दोन दिवस टीव्ही लागत नव्हता.

"आजी, काही बदललं होतं का?"

"काही नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी दो सरांकडे बघितलं. आजींचा मुलगा खाकरून म्हणाला, "परवा मी कपाट सरकवलं, तेव्हा मागची एक वायर निघाली होती. मी बसवली परत. कुठेतरी."

दो सर बाह्या सरसावून कपाटामागे शिरले. ताई दुसऱ्या बाजूनं शिरल्या. आतून बराच वेळ "ही नाही, ती," "सर, प्रश्न नीट वाचा," असं ऐकू येत राहिलं. टीव्ही लागला तोवर सूप दुसऱ्यांदा गरम करावं लागलं, आणि दो सरांच्या बायकोनं त्यांचा दुप्पट भात मुकाट्यानं आपल्या वाटीत काढून घेतला.